काउंटरखालचा रिसीव्हर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही. देवापुढे हात जोडले तेसुद्धा नेमकं हे वगळून. एका बाईला तेवढं सांगितलं, तेही गेल्या महिन्यात — आणि आता तुम्हाला सांगतेय. थांबत थांबत सांगेन, चालेल ना? वयामुळे नाही हो, लाजेमुळे.

कुंभकोणमला महामहम तळ्याजवळ आमचा एसटीडी बूथ होता. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. घरात फोन असणं म्हणजे पैसेवाल्यांचं काम, त्यामुळे रविवारी दर कमी असला की सकाळपासून दाराशी गर्दी. आम्ही इथले जुने मराठी, तंजावरच्या राजांच्या काळात आलेल्यांपैकी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. बूथवर तर तमिळच.

तमिळच का? त्यालाही कारण आहे — नाही, सबब म्हणून नाही सांगत. बूथ नवा होता तेव्हा पुण्याकडचे एक यात्रेकरू फोन करायला आले. त्यांचं मराठी ऐकून मला इतका आनंद झाला, की मी पुढे होऊन म्हणाले, "आपण कोठून आलां? कॉफी घेतां कां?" झालं! गृहस्थ हसतच सुटले. बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं ऐक, बखरीतून उठून आल्यासारख्या बोलतात या!" मग पुन्हा पुन्हा मला बोलायला लावलं. मी कॉफी दिली आणि त्या दिवशी कानाला खडा लावला — महाराष्ट्रातल्या माणसाशी पुन्हा मराठीत बोलणार नाही.

मग सुनंदा आली.

विट्याकडची, नवी नवरी. तिचा नवरा गलाईच्या कामावर होता, म्हणजे भट्टीवर सोनं-चांदी गाळायचं काम. ज्या शेठकडे तो कामाला, तो शेठही तिच्याच भागातला. सुनंदाला तमिळ म्हणजे एवढंच — "अक्का, ऊरुक्कु फोन." अक्का, गावाला फोन. दर रविवारी ती धाकट्या बहिणीशी बोलायची. शैला तिचं नाव. शैलाला शेठच्याच भावकीत दिलेली. ती तिकडे वाण्याच्या दुकानात फोनजवळ येऊन बसायची.

आमची काचेची केबिन म्हणजे उन्हाळ्यात भट्टीच. सुनंदा दार सताड उघडं ठेवून बोलायची. कशाला लावेल? इथे मराठी कळणार कुणाला? मी काउंटरवर बसून मोगऱ्याचे गजरे गुंफत ऐकायची. काय बोलायची हो पोरगी! "अगं बया", "जळ्ळं मेलं ते", "माझं डोस्कं नगं फिरवूस" — मी ओठांतल्या ओठांत ते शब्द घोळवायची. आज मी तुमच्याशी ज्या मराठीत बोलतेय ना, ती निम्मी तिच्याकडून आलीय. तिला न विचारता आलीय. तेव्हा मध्येच कुठे तुम्हाला सांगलीकडचा वास आला, तर समजून जा.

दार उघडं, आवाज मोठा, मग यात माझा काय दोष — असं मी मनाला सांगायची. पटण्यासारखं आहे की नाही? मलाही पटलं होतं. पण मग आमच्या ह्यांनी केबिनमध्ये पंखा बसवला आणि सुनंदा दार लावून बोलायला लागली. आणि मी काय केलं?

लाइन तपासायला म्हणून ह्यांनी काउंटरखाली एक दुसरा फोन जोडून ठेवला होता. त्याच तारेवर. गिऱ्हाइकाला तो दिसायचा नाही. पुढच्या रविवारी मी तो रिसीव्हर उचलला, बोलायच्या बाजूवर तळहात ठेवला आणि कानाला लावला. इथे आता कुठलीच सबब चालत नाही.

थोडी बदनामी आणखी करते स्वतःची — मला मजा यायची. आठवडाभर मी रविवारची वाट बघायची. शैलाची सासू कशी, सुनंदाला डोहाळे कसले लागलेत, सगळं मला ठाऊक. दोन बहिणींच्या मध्ये मी तिसरी, आणि त्यांना पत्ता नाही.

एका रविवारी सुनंदा हळू आवाजात बोलत होती. नवऱ्याला ॲसिडच्या धुराने खोकला लागलाय, शेठ ऐकत नाही. म्हणून त्यांनी जवळच्या तिरुभुवनमला विणकरांच्या गल्लीत एक खोली बघितलीय. तिथे जुनी रेशमी लुगडी विकत घ्यायची, त्यांचे जरीचे काठ जाळून चांदी काढायची. हवेशीर जागा, स्वतःची भट्टी. पण खोली हातात येईपर्यंत कुठे बोलायचं नाही. शेठला कळलं तर तो उभं राहू देणार नाही. "शैले, तुला सोडून कुणालाच म्हाईत न्हाई बघ," ती म्हणाली.

कुणालाच नाही. मला सोडून.

मी ते माझ्या नणंदेला सांगितलं. नणंदेचे यजमान त्याच शेठच्या पेढीवर कारकून होते. आणि हे मला ठाऊक होतं — चुकून सांगितलं, असं म्हणायला मला जागा नाही. मग का सांगितलं? नणंद त्या दिवशी तिच्या नव्या फ्रिजचं कौतुक सांगत बसली होती आणि माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं. एवढंच. एका फ्रिजसाठी, बघा. वर मी म्हणाले, "कुणाला सांगूं नका हं." हे वाक्य जोडलं की बातमीला पाय फुटतात, कुणाला ठाऊक नाही?

आठवड्याच्या आत तिरुभुवनमची खोली दुसऱ्याला गेली. सुनंदाच्या नवऱ्याला शेठने कामावरून काढलं. दोघं साक्कोट्टैला एका पत्र्याच्या खोलीत राहायला गेली. तिला सातवा महिना होता.

त्या रविवारी ती आली. केबिनचं दार लावलं. मी रिसीव्हर उचलला — हो, तेव्हाही उचलला. सुनंदा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तूच सांगितलंस तुझ्या सासरी. दुसरं हाय कोण?" आणि तिकडून शैला रडत होती. "देवाची आण, ताई. पोटच्या पोराची आण. म्या न्हाई." ते रडणं माझ्या कानात होतं. तळहात बाजूला करून मी एक शब्द बोलले असते, तर दोघी तिथल्या तिथे सुटल्या असत्या. एक शब्द — तोसुद्धा माझ्याच भाषेत. मला तो येत नव्हता का? मी रिसीव्हर अलगद खाली ठेवला, आवाज होणार नाही असा.

सुनंदा बाहेर आली आणि काउंटरला धरून उभी राहिली. मी माठातलं पाणी दिलं. तिने तिच्या तुटक्या तमिळमध्ये सांगितलं — सख्खी बहीण, अक्का. आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, जग असंच असतं बाई, आपलं म्हणावं असं कोण असतं? असं म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवला. जीभ कशी झडली नाही माझी!

त्यानंतर तिने गावाला फोन करणं सोडलं. पण ती माझ्याकडे येत राहिली. तिचं बाळंतपण मी केलं. पोराला न्हाऊ-माखू मी घातलं. सणाला तिच्या घरची पुरणपोळी पहिली माझ्या पानात. शैलाची जागा मोकळी झाली होती ना — तिथे मी जाऊन बसले. पुढे कधीतरी तिला कळलं, की आमच्या घरात कसलीशी मराठी आहे. मी म्हणाले, "ती कसली मराठी! तुमचं बोलणं मला कळत नाही गं." हेही तमिळमध्येच.

तिचं पुढे चांगलं झालं. स्वतःच्या हिमतीवर झालं, माझा त्यात काही हात नाही. सहा-सात वर्षांनी तिरुभुवनमलाच भट्टी घातली, मग दुकान काढलं. नवऱ्याचा खोकला गेला. शैलाशी मात्र अबोला तो अबोलाच. आई वारली तेव्हा दोघी एका घरात पाठीला पाठ लावून बसल्या, हे तिनेच मला सांगितलं. सांगताना रडली. मी डोळे पुसले, तिचे.

बूथ कधीच बंद झाला. केबिन भंगारात गेली. मला वाटलं, गेलं सगळं. पण खाई त्याला खवखवे, ते काही खोटं नाही.

गेल्या महिन्यात माझी नात वैदेही बेंगळुरूहून आली. मोबाइलच्या आत जे मूळ चालतं ना, ज्याच्यावर बाकी सगळं उभं असतं, ते तयार करणाऱ्यांत ती कामाला आहे. तिने मला नवा फोन आणला. मी भजनांचं एक ॲप उघडलं, तर फोन स्क्रीनवर विचारतोय — याला मायक्रोफोन वापरू देऊ का? फक्त वापरताना, की फक्त या वेळी, की नको?

मी म्हणाले, "हें कशास विचारतो?"

"कारण फोन तुझा आहे आजी. तुझं बोलणं तुझं. तू नको म्हणालीस की नको." मग तिचं पुराण सुरू झालं. त्यांनी लिहिलेलं सगळं म्हणे ते जगापुढे उघडं ठेवतात, कुणीही आत शिरून वाचावं, चोरवाट दिसली तर बोंब मारावी. बनवणाऱ्याचं सगळं उघडं आणि वापरणाऱ्याचं झाकलेलं, असं पाहिजे, ती म्हणाली.

माझ्या बूथवर नेमकं उलटं होतं. बोलणारी उघडी आणि तार झाकलेली.

"आजी, काय झालं? रडतेस का?" मी म्हणाले, कांदा. ती म्हणाली, आपण तर कॉफी पितोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस धरून मी तिरुभुवनमला गेले. सुनंदा दुकानामागच्या खोलीत जुन्या लुगड्यांचे काठ वेगळे करत बसली होती. केस पांढरे झालेत आता तिचे. मला बघून हसली, तमिळमध्ये म्हणाली, बसा अक्का, कॉफी सांगते. मी बसले नाही. उसन्या बोलीत बोलायचं नव्हतं मला. आमच्या घरातल्या बोलीत, बखरीतल्या म्हणा हवं तर, मी म्हणाले, "सुनंदा, तुझें बोलणें मीं चोरून ऐकिलें. नणंदेस मींच सांगितलें. शैलानें नव्हे."

तिच्या हातातला काठ हातातच राहिला. तिने शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं मला, पण माझं बरं वाटणं हा तिथे विषयच नव्हता. मग तिने मोबाइल उचलला. माझ्याकडे न बघता, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली, "तुम्ही भाईर व्हा. दार वढून घ्या."

मी बाहेर आले. दार ओढून घेतलं, नीट लागलंय का ते बघितलं आणि पायरीवर बसले. जरा वेळाने आतून आवाज आला — "शैले..."

मी उठले आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.