कागदाची मागची बाजू

माझी शाळा चौथीपर्यंत, रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावात. इंग्रजी शिकलो ते आखातात, रुवैसच्या रिफायनरीत, व्हॉल्व्हवर लटकवलेल्या पाट्यांवरून. अक्षराला अक्षर जोडत वाचतो, पण वाचतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं माझ्या वाचण्याबद्दलच आहे.

बायकोला जाऊन दोन वर्षं होत आली. तेव्हापासून मी करामा भागात लेकीकडे राहतो. लेक मरीना भागातल्या एका ऑफिसात कामाला. सॉफ्टवेअर दुसरे बनवतात, ते कसं वापरायचं, ते ती लिहिते. मध्यंतरी तिच्याकडे बिलं बनवायचं एक सॉफ्टवेअर आलं. कुणाच्या तरी प्रोग्रॅममध्ये खोट निघते. तो नेटवर जाहीर करतो, दुरुस्त करेल त्याला इतकं बक्षीस. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला माणूस ते दुरुस्त करतो. बक्षीस बँकेतून येत नाही, क्रिप्टोत, म्हणजे नेटवरच्याच पैशात येतं, आणि त्यासाठी दुरुस्त करणाऱ्यानं बिल पाठवायचं असतं. ते बिल हे सॉफ्टवेअर तयार करून देतं.

मी म्हटलं, "पैसा दिसत नाही, माणूस दिसत नाही, बिल मात्र पाहिजे!"

"अब्बा, यल्ला, चला, बसा इथं. मी लिहिलंय ते वाचून एक बिल बनवा. तुम्हाला जमलं तर कोणालाही जमेल."

"म्हणजे जगातला सगळ्यात ढ मी."

"ऑफिसात सांगितलंय मी, घरी स्पेशल टेस्टर आहे. पगार दोन चहा."

शनिवारची दुपार होती. तिनं दोन पानं छापून दिली, लॅपटॉप पुढे सरकवला. खरे पैसे नव्हते, सरावापुरते खोटे होते. मी रुवैसच्या सवयीनं लागलो. एक ओळ वाचायची, तेवढं करायचं, मग दुसरी वाचायची. फोरमननं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, पुढची ओळ आधी वाचलीस तर हात पुढे पळतो. कामाचं नाव टाकलं. रक्कम टाकली. पैसा कुठल्या नेटवर्कनं यायचा ते निवडायचं होतं, यादीतलं पहिलं निवडलं. पैसा जिथं जमा व्हायचा तो पत्ता म्हणून अक्षरांची ही लांब शेपटी चिकटवली. पाठवलं. चहा मागितला.

मग दुसऱ्या पानावर, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात एक टीप निघाली. नेटवर्क आणि पत्ता एकमेकांशी जुळतात का ते बघा, जुळले नाहीत तर पैसा जातो आणि परत मिळत नाही.

लेकीनं स्क्रीन बघितली. "खलास. तुमचं बक्षीस गेलं, अब्बा." हसत होती.

मला हसू आलं नाही. म्हटलं, "हे खाली का लिहिलंस? आमच्याकडे रिफायनरीत कामाच्या परमिटवर आधी धोका, मग काम. माणूस मेल्यावर पाटी लावतात काय?"

"अब्बा, इट्स जस्ट अ नोट. शेवटपर्यंत वाचतात लोक."

"नाही वाचत."

"वाचतात. तुम्ही एकटेच असे."

ते खरं होतं. मी उठलो. कपाटातल्या पासपोर्टच्या फायलीतून हॉस्पिटलचा कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

तिच्या आईला घरी सोडलं तेव्हा दिलेला तो कागद. आम्ही दोघं तेव्हा रुवैसला, लेक इकडे. पुढच्या बाजूला गोळ्या होत्या, सकाळची, दुपारची, रात्रीची. एकेक ओळ वाचून मी गोळी द्यायचो आणि पेन्सिलीनं खूण करायचो. एकही चुकली नाही. खुणा अजून आहेत. गोळ्यांची यादी संपली की कागद संपला, असं मी धरून चाललो.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अवो, चपला आखूड झाल्यात."

मी म्हटलं, "उन्हात रबर आकसतं."

"चपला पलंगाखाली होत्या. तिथं कुठलं ऊन?"

संध्याकाळी जाऊन मी तिला एक नंबर मोठ्या चपला आणल्या. वर ऐकवलं, म्हातारपणी पाय वाढायला लागले तुझे. तीही हसली. त्या चपला तिनं तीन दिवस घातल्या.

पायाला सूज आली तर थांबू नका, लगेच घेऊन या, हे कागदाच्या मागे लिहिलेलं होतं. मी तो उलटून बघितला ती गेल्यावर, फायलीत ठेवताना.

आणि लेक दोन वर्षं एकच म्हणत होती, अम्मानं सांगितलं का नाही? सगळं लपवायची सवय तिची. आईच्या आठवणीनं रडायची आणि तिच्यावरच चिडायची. मी बाजूला बसून ऐकायचो. एकदाही म्हटलं नाही की तिनं सांगितलं होतं, मला सांगितलं होतं.

लेकीनं कागद वाचला. उलटला, पुन्हा उलटला. पेन्सिलीच्या खुणांवरून बोट फिरवलं.

"फोटो काढून मला का नाही पाठवलात?"

"लाज वाटली. तिला मी सगळी उमर सांगत आलो, कंपनीत माझं इंग्रजी चालतं. घरातला एक कागद वाचता येत नाही, हे कसं दाखवू?"

"ते जाऊ दे. मला तिच्यावर चिडू का दिलंत?"

ती उठून आत गेली. चहा ओट्यावरच राहिला.

सोमवारी ती ऑफिसला गेल्यावर बघितलं, जेवणाच्या टेबलावर नवीन छापलेली पानं होती. माझ्याशी कामापुरतं बोलत होती. पहिल्याच ओळीत, जाड अक्षरात, नेटवर्क आणि पत्ता जुळवून बघा, पैसा परत येत नाही. त्याच्याखाली कामाचं नाव, रक्कम, बाकीचं.

मी बिल बनवलं. ह्या वेळी बरोबर झालं. मग दोन्ही पानं उलटून बघितली. मागे कोरं होतं.