ताईचा डिस्चार्ज

माझी थोरली बहीण गेलं सव्वा वर्ष 'नर्सिंग होम'मध्ये आहे. हा शब्द मी शोधून काढला आणि काही दिवस मला त्याचा फार अभिमान होता. ती राहते ती जागा पनवेलच्या पुढे, म्हाताऱ्या माणसांना कायमचं सांभाळणारी. पण 'वृद्धाश्रम' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर माझा, म्हणजे भावाचा, निकाल लागतो. तिथे नर्स आहेत आणि ते होम आहे, मग मी खोटं कुठे बोललो? आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचा नाहीतर अपेंडिक्सचा छोटा दवाखाना, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणून तर तो शब्द निवडला.

परिणाम असा झाला की आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत जो भेटेल तो विचारू लागला, "डिस्चार्ज कधी?" मी म्हणायचो, "डॉक्टर बघू म्हणतात."

शिवाय पेशंटला भेटायला कोणी हात हलवत जात नाही. म्हणून दर रविवारी सगळ्यांच्या देखत कोपऱ्यावर शहाळं घ्यायचं. ताईला शहाळं लहानपणापासून आवडत नाही, तिला त्याचा वास येतो. तेव्हा आश्रमाच्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसून ते मीच प्यायचो आणि मग आत जायचो. मलाही ते फारसं आवडतं असं नाही.

ताईला तिथे का ठेवलं, तेही सांगतो. भावोजी गेल्यापासून ती आमच्याकडेच होती. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. ती बाथरूममध्ये घसरली, खुबा मोडला, ऑपरेशन होऊन घरी आली. बायकोचे गुडघे आधीच गेलेले. मी छाती पुढे काढून म्हटलं, "माझी बहीण आहे, मी उचलेन." दोन दिवस उचललं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आणि मी, दोघंही खाली. वॉचमन वर येईपर्यंत आम्ही बाथरूमच्या दारात फरशीवर बसून होतो. ताई म्हणाली, "तुला कडेवर घेऊन मी ओढा ओलांडायची. एकदा तरी पाडलं का?"

आश्रमात फॉर्म भरताना 'जबाबदार नातेवाईक' या रकान्यात मी ऐटीत माझं नाव घातलं. समोरच्या मॅडमनी वय वाचलं, एकोणसत्तर, आणि नम्रपणे विचारलं, "काका, घरात आणखी कोणी तरुण नाही का?"

ताईला मी सांगितलं, "चालायला लागलीस की घरी." तिला परकं वाटू नये म्हणून तिचं छोटं लोखंडी कपाटही टेम्पोतून नेलं. तेव्हापासून मला एकच धास्ती होती, की एखाद्या रविवारी ती विचारेल, "मला घरी कधी नेणार?" तिने विचारू नये म्हणून मी अखंड बडबडायचो. पाणीकपात, पार्किंगची भांडणं, महाप्याच्या कंपनीतले माझे जुने पराक्रम, सगळं दर आठवड्याला नव्याने. ती ऐकून घ्यायची. मला वाटायचं, जमतंय.

मग तळमजल्यावरच्या बाईंनी मला गाठलं. त्या मूळच्या इथल्या. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांची. "भाव, सवा वरीस झाला," त्या म्हणाल्या. "ह्यो कसला दवाखाना? रविवारी मी येतंव बायला बघाला. पोराची गारी हाय." नाही म्हणायला मला कारण सुचेना. अख्ख्या रस्त्यात सुचलं नाही.

रविवारी त्यांच्या गाडीत शहाळं मांडीवर तसंच होतं. बाईंसमोर ते पिणार कसं? फाटकावर मोठ्या अक्षरांत 'वृद्धाश्रम' लिहिलं होतं. बाईंनी मान वर करून सावकाश ते वाचलं. मला वाटलं, गाडीतून उतरूच नये.

ताई खाटेवर बसली होती. तिने बाईंना पाहिलं, माझ्या हातातलं शहाळं पाहिलं, मग माझं तोंड पाहिलं.

"ये गं, बस," ती म्हणाली. "अगं, हे डॉक्टर सोडतच नाहीत बघ. हा दर रविवारी त्यांच्याशी भांडतो. दे रे ते शहाळं."

आणि ती ते प्यायली. स्ट्रॉ वाजेपर्यंत, मधे एकदाही खाली न ठेवता.

बाई समजूतदार. "जरा बाग बघून येतंव," म्हणून बाहेर गेल्या. मी हळूच विचारलं, "ताई, तुला घरी नेणार नाही हे कधी कळलं?"

"कपाट उतरवलंस तेव्हाच. चार दिवसांसाठी कपाट घेऊन कोण जातं रे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलू दिलंस कधी?"

मला रडू आलं. एकोणसत्तराव्या वर्षी, नाक वाहेपर्यंत. लाज तर वाटलीच, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. तिने उशीखालचा नॅपकिन पुढे केला. "तोंड पूस. ती येईल एवढ्यात."

परतताना बाईंनी एकदाही डिस्चार्जचं विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मला बघून शहाळेवाल्याने सवयीने कोयता उचलला. तो आमच्याच साताऱ्याकडचा. मी म्हटलं, "नको. ताई दवाखान्यात नाही, वृद्धाश्रमात आहे. आता तिथेच राहणार." एवढं बोलायला मला सव्वा वर्ष लागलं होतं. त्याने फक्त कोयता खाली ठेवला.

"मंग अक्कास्नी काय आवडतं?" त्याने विचारलं.

मला खरंच आठवेना. इतके रविवार मी तिच्यासमोर बसलो होतो. शेवटी तिथेच उभं राहून तिला फोन लावला.

"शेंगदाण्याची चटणी आण, खलबत्त्यातली," ती म्हणाली. "आणि आज गप्प बस. आज मी बोलणार आहे."