अक्का ‘कुठं’ विचारायची तेव्हा

नांदेडच्या दवाखान्यातल्या त्या ताईंचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. पण आधी त्यांचं सांगायचं आणि मग बाकीचं. माझी माय आज स्वतःच्या पायांनी न्हाणीपर्यंत जाते, ती त्यांच्यामुळं. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. आवाज तेवढा ओळखते. दिवसभर बोलून बोलून घसा बसतो ना, तसा थोडा बसलेला.

मी तेव्हा लातूरला, क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला होते. सातवीतच शाळा सुटली. पुढची शाळा बिलोलीला, आणि एकट्या पोरीला एसटीनं धाडायचं कुणाच्या मनात नव्हतं. मग लग्न झालं आणि इतक्या लांब आले. माहेरी माय एकटी. त्या वर्षी दुष्काळ असा की लातूरला पाणी रेल्वेनं यायचं, आणि गावाकडं माणसं टँकरची वाट बघत बसायची. त्यातच मायला लकव्याचा झटका आला. हलका होता म्हणे. नांदेडच्या दवाखान्यातून मी तिला घरी आणली ती डावा पाय ओढतच. डॉक्टर मला म्हणाले, “पाय चालता ठेवा. बसून राहिल्या तर अंथरुणाला खिळतील.”

ते वाक्य घेऊन मी लातूरला परतले. कणीक तिंबताना तेच डोक्यात. खिळली तर तिची कूस कोण बदलणार? तोंडात पाणी कोण घालणार? सुट्टीचं नाव काढलं की मेसचा मालक म्हणायचा, “जा की. पाण्यावाचून मेस बंदच करायची हाय. परत येऊ नको म्हंजे झालं.” मोबाईल वाजला की मी लाटणं टाकून आधी नाव बघायची.

दवाखान्यातून घरी गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करायचा, त्यांना व्यायामाला लावायचं, हे ताईंचं काम. मायलाही त्यांचा फोन यायचा. खुर्ची धरून उठा-बसा, सकाळी काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. माय दर वेळी म्हणायची, “हाव बाय, फिरून राहिले.” मलाही तेच. मी जरा निर्धास्त झाले, तोच ताईंनी मला फोन केला.

“आई फिरतात असं वाटत नाही मला. मुद्दाम फिरून यायच्या वेळेला बोलते त्यांच्याशी, तर श्वास अगदी संथ. खाटेवर बसलेल्या माणसासारखा. रागावू नका हं, नुसतं विचारा.”

मी रागावलेच. “माय, खोटं कशाला बोललीस?”

माय म्हणाली, “निघते की मी रोज. उंबऱ्याभाईर पाय टाकला की वट्ट्यावरून अक्का इचारतीच, कुठं निघालीस गं? मग काय करू?”

अक्का म्हणजे समोरच्या घरची म्हातारी, मायच्याच वयाची. आमच्याकडं घराबाहेर पडणाऱ्याला ‘कुठं’ म्हणून विचारू नये. विचारलंच तर माणसानं माघारी फिरावं, टेकावं, घोटभर पाणी प्यावं आणि मग निघावं.

“मग पाणी पी अन् निघ.”

“निघाले की परत इचारती. ध्यानातच राहत न्हाई तिच्या. कितीदा पिऊ? घागरीत हाय का तेवढं? अन् प्यालं की न्हाणीकडं पळायचं कुणी, ह्या पायानं?”

हसण्यासारखंच होतं. मला हसू आलं नाही. माझा बाप धर्माबादच्या बाजाराला निघाला तेव्हा वेशीत कुणीतरी ‘कुठं’ म्हणालं होतं. तो हसला आणि तसाच पुढं गेला. त्याला उचलून आणावं लागलं, जीव वाटेतच गेला होता. तेव्हापासून मीही ‘कुठं’ ऐकलं की पाय मागं घेते. मायला कोणत्या तोंडानं खुळी म्हणू?

ताईंना हे सांगताना जीभ अडखळली. शिकलेली बाई, हसेल. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “विचारतं कोण? एकट्या अक्काच ना?”

“हाव.”

“मग अक्कांनाच बरोबर घेऊ. बरोबर चालणारी कशाला विचारेल?”

मायच्या फोनवरून त्या अक्काशी बोलल्या. अक्काचं उत्तर मायनं मला नक्कल करून ऐकवलं, “मला काय धाड भरलीया? माझे पाय शाबूत हायत!” त्यावर ताई म्हणाल्या, “म्हणूनच तर तुमच्यावर सोपवतेय.” हे बरोबर लागू पडलं. दुसऱ्या दिवशी अक्काच मायच्या दारात ओरडायला हजर, “निघ की गं, का पालखी धाडू?”

मला मात्र नवी भीती. आधी माय बसून राहायची भीती होती, आता रस्त्यात पडायची.

आणि एका सकाळी मायनं फोन उचलला नाही. रिंग वाजून वाजून बंद पडायची. परत लावला, परत तेच. तव्यावरची पोळी करपली. अक्काकडं फोन नव्हता. गावातून टँकर कसे भरधाव जातात ते मला ठाऊक होतं. त्या पायानं माय बाजूला तरी कशी होणार? ताईंना लावला.

“मीही लावतेय, उचलत नाहीत,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फोन ठेवू नका. मी आहे.” मला धीर यावा म्हणून असेल, त्या बोलत राहिल्या. त्यांची आई मुदखेडला एकटी राहते, गुडघे धरून बसलेली असते. “सगळ्यांच्या आयांना उठवते मी. माझी आई म्हणते, तू तुझं काम कर.”

तेवढ्यात मध्येच दुसऱ्या फोनचं टूं-टूं झालं. माय.

“पोरी... अगं...” श्वास फुललेला. दुसरा झटका!

“माय, बस! खाली बस आधी!”

“बसू काय... आत्ता तर आले...” मागून अक्का ओरडली, “सांग तिला, महादेवाच्या देवळाला जाऊन आलाव!”

फोन घरीच कोनाड्यात राहिला होता. देवळाच्या पारावर माणसं नव्या जिल्ह्यावरून भांडत होती. आपल्या भागाचा जिल्हा होणार, मोठा दवाखाना जवळ येणार. अक्का त्यांना म्हणाली होती, “होऊ द्या तुमचा जिल्हा. तवर आमी पायी नांदेड गाठताव.”

ताईंना परत फोन केला. मी म्हणाले, मायला दम लागलाय.

“पुरतं वाक्य बोलता येतंय? छातीत दुखत नाही ना?”

त्यांना थांबवून मायला विचारलं. आता सरळ बोलत होती, छातीत दुखत नव्हतं.

“मग भिऊ नका. हाच दम ऐकायला मी इतके दिवस थांबले होते.”

मी उरलेल्या पोळ्या लाटल्या. एकही गोल झाली नाही.

जिल्हा अजून झालेला नाही. माझी भीतीही गेलेली नाही. फोनवर मायचा आवाज जरा बारीक आला की मी अजून आधी ‘छातीत दुखत नाही ना’ म्हणून विचारते. ताईंचे फोन पुढं बंद झाले, त्या कुठं बदलून गेल्या कळलं नाही. पण ताई, मुदखेड मला ठाऊक आहे. एक दिवस मी तिथं उतरीन, तुमच्या आईचं घर हुडकून काढीन, दारात उभी राहून अक्कासारखी हाक मारीन आणि त्यांच्या बरोबरीनं चालीन. कुठं जायचं ते मात्र विचारणार नाही.