दत्ताची फळी

सुरुवातीलाच सांगून टाकतो... मी वायरमन आहे. करंट असला तर दिवा लागतो, नसला तर लागत नाही, एवढंच मी मानतो. या सदरातले गूढ अनुभव वाचून आजवर मी हसत आलो. आता तुम्ही माझ्यावर हसा.

आमचं गाव डोंगरकडा, जिल्हा हिंगोली. दत्ता माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याकडे जुनी फोर-बाय-फोर जीप होती. मागच्या सीट काढून त्यानं सागवानी फळी बसवली होती, स्वतःच्या उंचीला मापून. सुट्टी मिळाली की सिद्धेश्वर धरणावर जायचं, चिखलातून गाडी थेट पाण्याच्या कडेला लावायची, पिठलं-भाकरी खायची आणि आत आडवं व्हायचं. मी सहा फुटी, माझे पाय दाराबाहेर. दत्ता म्हणायचा, तुझ्या मापाची गाडी घेऊ एक दिवस.

गेल्या वर्षी दत्ता हार्ट अटॅकनं गेला. तेरावं व्हायच्या आत त्याचा चुलतभाऊ कैलास सविता वहिनीकडं आला. इंजिन जाम होऊन सीज झालंय, गाडी आता भंगारातच जाणार म्हणाला. वहिनी कुठल्या भानावर होती? भंगाराच्या भावात सही करून मोकळी झाली. मी तरी जाऊन बॉनेट उघडायला पाहिजे होतं... नाही गेलो. हे मला अजून टोचतं.

या मे महिन्यात मी स्वतःसाठी गाडी बघायला निघालो. माझी रीत साधी — इंजिन, टायर मागाहून. आधी मागं शिरून सरळ झोपायचं. नांदेडला शोरूमवाले हसले. एक नवी कोरी गाडी दिसायला झकास, पण सीट पाडली की मधोमध उंचवटा. कंबर कामातून गेली. दुसरीत उताणं झालं की नाक छताला. मग कुणीतरी सांगितलं, वारंगा फाट्यावर कैलासनं जुन्या गाड्यांचा धंदा टाकलाय, त्याच्याकडं एक चांगली आहे.

दुपारचे दोन. मेकॅनिक जेवायला गेलेला, आवारात आम्ही दोघंच. गाडी हिरवीगार रंगवलेली. कैलासनं मला ओळखलं नाही; म्हणाला, लातूरकडची आहे. बॅटरी चार्जिंगला काढलीय, चालवून उद्या बघा. मी मागं गेलो. काचेवरचं स्टिकर खरवडलेलं, पण उन्हात अक्षरं स्वच्छ वाचता येत होती — आरोही. दत्ताच्या लेकीचं नाव. आत तीच फळी, काठावर दत्ताच्या पेन्सिलीची खूण.

डोक्यात सणक गेली. पण तोंडावर काही दाखवलं नाही. म्हटलं, या हलकटाला एकदा त्या फळीवर आडवा झालेला बघायचाच.

"कैलासराव, तुमी झोपून दाखवा बरं."

"काहून न्हाई? दोन माणसं आरामात झोपतेत बघा," म्हणत तो आत शिरला.

दार मी लावलं. खोटं कशाला बोलू? बंद गाडीत कसं वाटतं ते बघू म्हटलं. कुलूप मात्र मी लावलं नाही... चावी त्याच्याच खिशात होती.

खट्. चारी दारांच्या खुंट्या एकदम खाली.

आधी तो हसला. मग खुंटी वर ओढायला लागला. ओढायची की ती पुन्हा खाली. पुढच्या दारांकडं सरपटत गेला, तिथंही तेच. काचा बटणावरच्या, सगळ्या वर. मी बाहेरून हँडल ओढून पाहिलं, दार हललं नाही. पत्र्याला हात लावला तर भाजत होतं. त्याचा शर्ट अंगाला चिकटला, तो काचेवर तळहात आपटायला लागला, दगड मार म्हणून खुणावू लागला.

मी दगड उचलला. आणि काचेला तोंड लावून विचारलं, "इंजिन सीज झालतं का?"

त्यानं आधी मान हलवली, व्हय म्हणून. मी उभाच राहिलो. त्याचे डोळे फिरायला लागले, तोंडाला कोरड पडलेली. शेवटी काचेला गाल टेकवून म्हणाला, "न्हाई... इंजिन बराबर होतं. वहिनीला फसवलं मी."

खट्. चारी खुंट्या वर.

तो बाहेर पडून मातीतच बसला. मी त्याच्यावर पाणी ओतलं, बाटली हातात दिली आणि पहिलं काम केलं ते बॉनेट उघडायचं. बॅटरीची जागा रिकामी. दोन्ही वायरी चिंध्या गुंडाळून बाजूला केलेल्या. दुसरी बॅटरी कुठं लपवलीय का म्हणून अख्खी वायरिंग हातानं चाचपली. काही नाही.

दुसऱ्या दिवशी कैलासनं स्वतः गाडी वहिनीच्या दारात आणून लावली, कागदांसकट. पहिल्या सेल्फला चालू झाली. आरोहीनं काचेवर नव्यानं नाव टाकून घेतलंय. मायलेकी सिद्धेश्वरला जाऊन राहूनही आल्या. कुलपाची काही तक्रार नाही.

बॅटरीवर चालणारं लॉक बॅटरीशिवाय कसं पडलं, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. दोन ऑटो इलेक्ट्रिशियनना विचारलं, दोघांनी मलाच वेड्यात काढलं. मी अजून गाडी घेतलेली नाही. बघायला जातो, मागं शिरतो, झोपतोही, पण दार ओढून घ्यायची हिंमत होत नाही. कैलासला गाडीनं धरून ठेवलं होतं, ते कोडं असू दे. दगड माझ्या हातात होता आणि माझा हात कुणीही धरलेला नव्हता.