सगुणाबाईनं ओळख दिली

बदनापुरात आमच्या गल्लीत जन्मलेलं मूल आधी डॉक्टरच्या हातात जातं आणि मग सगुणाबाईच्या पायांवर. माझ्या दोन्ही मुली तिच्याच पायांवर न्हाल्या. पाटावर बसून ती पाय लांब सोडते, बाळाला पालथं घालते आणि पाठीवरून तेलाचा हात फिरवत त्याच्याशी गप्पा मारते. "कोण आलंय आज? साहेब आलेत. कोणत्या गावचा दौरा हाय साहेब?" बाळ रडायचं थांबून ऐकत राहतं.

सगुणाबाई मूळची आष्टीची. लग्न होऊन इथं आली आणि सासूच्या हाताखाली हे काम शिकली. बाळाला न्हाऊ घालायचं, बाळंतिणीचं अंग चोळायचं, शेक द्यायचा, ओव्याची धुरी करायची. नवरा बद्रीनाथ मालाचा छोटा टेम्पो चालवतो. तो कमी बोलतो, ती कसर भरून काढते.

कामात तिची जोडीदारीण कांताबाई. दोघी सकाळच्या गाडीनं जालन्याला जायच्या, घरं वाटून घ्यायच्या आणि दुपारी परत येताना त्या घरांना नावं ठेवायच्या. जिथं तेल चमच्यानं मोजून द्यायचे ते 'थेंबवालं घर'. जिथं मुलगी झाली म्हणून सगळे गप्प गप्प असायचे ते 'मुकं घर'. काही घरांत नऊ दिवसांचं बाळ हिच्या हातात बिनधास्त द्यायचे, पण चहा मात्र वेगळ्या कपात. तो कप खिडकीत पालथा ठेवलेला असायचा. सगुणाबाई म्हणायची, "माझ्या कपाला सोताची खिडकी हाय. आमच्या घरात माणसाला न्हाई."

मुलगा भागवत शिकला, जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत लागला. लग्नही चांगलं जमलं. मुलगी, प्रियदर्शनी, शाळेत शिक्षिका. तिचे वडील अण्णासाहेब सरकारी कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, जालन्यात स्वतःचा बंगला. दोन्ही घरं एकाच समाजातली, पण एकाच्या दारात मोटार आणि दुसऱ्याच्या दारात टेम्पो. लग्न ठरताना भागवतनं सासरी सांगितलं, "आई घरीच असते."

सगुणाबाईला ते नंतर कळलं.

"घरीच असते म्हंजे काय रे?" तिनं विचारलं. "दुसऱ्यांच्या घरी असते, असं सांगायचं व्हतं ना."

"आई, त्या लोकांत कसं सांगू? आता सोड ना ते. काय कमी आहे आपल्याला?"

पोराच्या तोंडाकडे बघून तिनं काम सोडलं. मला म्हणाली, "पोरगं लाजून राह्यलंय, मंग काय करू." पण तिला घरात करमेना. टीव्ही लावायची आणि त्याच्यापुढे बसून स्वतःच्याच गुडघ्यांना तेल चोळायची. कांताबाईनं जालन्यात लेकीजवळ खोली घेतली, त्यामुळे तिची भेटही तुटली.

मागच्या हिवाळ्यात प्रियदर्शनीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. बाराव्या दिवशी सगुणाबाई आणि बद्रीनाथ बाळंतविडा घेऊन जालन्याला गेले. भागवत तिथंच होता. पुढं जे घडलं ते मला सगुणाबाईनं आणि कांताबाईनं, दोघींनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं. दोघींच्या सांगण्यात फरक एवढाच, की आधी कोण हसलं.

विहीणबाईंनी स्वागत चांगलं केलं. सगुणाबाईला सोफ्यावर बसवलं. सोफा इतका मऊ, की ती आत आत जाऊन राहिली आणि पाय जमिनीला टेकेनात. सोनेरी काठाच्या कपबशीत चहा आला. बाळ आणि बाळंतीण बाजूच्याच खोलीत होती, दार उघडं होतं. तेवढ्यात मागच्या दारानं मालिशवाली आली.

ती कांताबाई होती.

दोघींची नजरानजर झाली. कांताबाईनं सगुणाबाईच्या नव्या लुगड्याकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं, कपबशीकडे पाहिलं. सगळं तिच्या लक्षात आलं. मैत्रिणीचं काही बिघडू नये म्हणून तिनं पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "बाईसाहेब, जरा पाय घेता का? बादली न्यायचीय."

सगुणाबाईनं पाय वर घेतले. घेतले खरे, पण चहा न पिता कपबशी तशीच हातात धरून राहिली.

कांताबाई आत गेली तशा विहीणबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "या बायकांवर नजर ठेवावी लागते हो. निम्मं तेल बाळाला आणि निम्मं यांच्या घरी. शिकलेल्या नाहीत, दुसरं काम येत नाही, म्हणून हे धरतात."

आवाज एवढाही खाली आला नव्हता. आतलं बादलीतलं पाणी ढवळायचं थांबलं.

भागवत खिडकीबाहेर बघायला लागला. बद्रीनाथनं बायकोकडे पाहिलं. त्यानं नंतर मला सांगितलं, "मला वाटलं, आता ही काय बोलती न् काय न्हाई. पर ही नुसती आतल्या दाराकडं बघत बसली."

काम आटोपून कांताबाई बाहेर आली आणि उंबऱ्याशी टेकली. तिला स्टीलच्या पेल्यात चहा मिळाला. सगुणाबाई सोफ्यातून उठली, उठायला बद्रीनाथचा हात धरावा लागला. कपबशी घेऊन ती सरळ उंबऱ्याकडे गेली आणि कांताबाईला खेटून खाली बसली.

"काय गं कांते, वळख दीनास?"

कांताबाई पेल्यातच बघत राहिली. "तू बसलीस सोफ्यावर. कशी देऊ?"

"सोफ्यावरून उतरायलाच येळ लागला बघ. फार खोल हाय."

इथं कोणीतरी आधी हसलं. मग दोघीही.

विहीणबाई उभ्याच राहिल्या. सगुणाबाई त्यांच्याकडे वळली. आवाज नेहमीचाच होता.

"विहीणबाई, ही माझी जोडीदारीण. लगीन होऊन आल्यापासून मी हेच काम केलं, हिच्याच संगं. तेल आम्ही कधी नेलं न्हाई. उलट थेंबवाल्या घरी आमच्या घरचं घेऊन गेल्तो. भागवतनं तुम्हाला सांगितलं न्हाई, ते राहून गेलं. आज सांगते."

भागवतचं तोंड उतरलं. तो काही बोलणार तेवढ्यात आतून प्रियदर्शनीचा आवाज आला.

"मला लग्नाच्या आधीच माहीत होतं."

"कुणी सांगितलं?" भागवतनं विचारलं.

"माझ्या शाळेत बदनापूरच्या चार बाया आहेत. साखरपुड्याची बातमी कळल्यावर त्या म्हणाल्या, अगं, तू सगुणामावशीची सून होणार? मग काळजीच नाही. आता तुम्ही कुणी विषय काढत नव्हतात, म्हणून मीही काढला नाही."

अण्णासाहेब पेपर वाचत बसले होते. त्यांनी तो खाली ठेवला आणि बायकोला म्हणाले, "कांताबाईंना कपात चहा आणा. आणि मलाही आणा." विहीणबाई आत गेल्या. चहा आला, पण त्या दिवशी त्यांनी बाहेर येऊन गप्पा मारल्या नाहीत. निघताना ओटी भरली, कुंकू लावलं आणि एवढंच म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर बोलला नसता, हे मला बराबर कळतंय," सगुणाबाई म्हणाली. "पर कांताला तर तुम्ही वळखत व्हता."

विहीणबाईंचा त्यानंतर महिनाभर फोन आला नाही. मग एक दिवस आला तो थेट बाळाच्या कानदुखीचाच. आता येतो अधूनमधून.

त्या भेटीनंतर तिसऱ्या दिवशी भागवतच्या कंपनीतल्या एका साहेबांच्या घरी बाळ झाल्याची बातमी आली, तेव्हा त्यानं स्वतःहून सांगितलं, "माझी आई हे काम करते. विचारून बघतो, वेळ आहे का." सगुणाबाईनं वेळ काढला.

तीन महिन्यांनी प्रियदर्शनी बाळाला घेऊन बदनापूरला आली. मग नवंच भांडण सुरू झालं. कांताबाई दर रविवारी जालन्याहून यायची आणि म्हणायची, बाळ माझं गिऱ्हाईक, सुरुवात मी केली. सगुणाबाई म्हणायची, नात माझी, नाकही माझ्यावर गेलंय, ते चोळून सरळ मीच करणार. शेवटी प्रियदर्शनीनं निवाडा दिला. रविवारी बाळ कांतामावशींकडे, आणि माझं अंग मात्र सासूबाईंनीच चोळायचं.

त्यातल्या एका रविवारी मीही गेले होते. ओसरीवर ऊन आलं होतं. कांताबाईनं बाळाला पायांवर घेतलं होतं आणि सगुणाबाई सुनेचे तळपाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसली होती. शेजारची गोजरबाई पीठ मागायला आली ती दारातच थबकली.

"अगं सगुणा, सासूनं सुनेचे पाय धरायचे? लोक काय म्हंतील?"

"दुनियाभरच्या सुनांचे धरले," सगुणाबाई म्हणाली. "माझ्याच सुनेनं काय घोडं मारलंय? आता बस, पर हळू बोल. डोळा लागलाय तिचा."

गोजरबाई पिठाचं भांडं मांडीवर घेऊन बसली. थोड्या वेळानं तिनं आपले पायही उन्हात लांब सोडले.