पोचलेला शब्द

आमच्या सोसायटीत कपड्यांना इस्त्री करणाऱ्या सुशीलाताई रोज एक अवघड इंग्रजी शब्द खडूने भिंतीवर लिहितात. उच्चार मराठीत आणि शेजारी अर्थ. काल लिहिलं होतं, ‘इमॅक्युलेट : एकही डाग नसलेलं’. मी कपडे द्यायला गेले तेव्हा त्या तो शब्द पुटपुटत होत्या, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे साहेब त्यांचा पांढरा शर्ट न्यायला आले. ताईंनी धीर केला.

“सर, इमॅक्युलेट!”

साहेबांनी शर्ट उलटसुलट पाहिला आणि हसले. “येस, इमॅक्युलेट! थँक यू.”

ते गेल्यावर ताई माझ्याकडे वळल्या. “अहो, कळलं की त्यांना!” म्हणत त्यांनी टाळीसाठी हात पुढे केला. पाठ केलेला शब्द असा कुणाला तरी कळला की आपला होत असावा. मी इतकी वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवते. पण शब्द पोचल्याची टाळी मला पहिल्यांदाच मिळाली.