पायाळूचा पाय आणि आईचे मणके

जन्मताना माझे आधी पाय बाहेर आले, म्हणून मी पायाळू. श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावात समजूत अशी, की उसण भरलेल्या कमरेला पायाळूनं तीनदा पाय लावला की उसण जाते. आजोबांच्या वयाची माणसं आमच्या ओट्यावर पालथी पडायची. घराण्यात पहिली बीएस्सी झाले आणि त्या दिवसापासून हे बंद केलं. म्हणजे मी केलं. गावानं कुठं केलं?

आता मी नगरला, सावेडीत राहते. गावाकडची म्हातारी माणसं मणका दाखवायला नगरला येतात, पण आधी माझ्या फ्लॅटवर. पिशवीत एमआरआयची फिल्म, कमरेला पट्टा आणि तोंडात एकच, "पोरी, आपरेशनच्या आधी येकदा पाय लाव." पूर्वी मणके इतके झिजेपर्यंत माणूसच टिकत नव्हतं. आता बीपी-शुगरच्या गोळ्यांवर ऐंशी गाठतात, मणके मात्र कांदे लावून लावून कधीच संपलेले. डॉक्टरांच्या दारातला बाक अशांनी भरलेला असतो.

या वर्षी त्या बाकावर माझी आई बसली. मणक्यात शीर दबलेली, डावा पाय निकामी व्हायला लागलेला. डॉक्टर म्हणाले, लवकर ऑपरेशन करा, नाहीतर पाय जाईल. बुधवार ठरला.

सोमवारी आई म्हणाली, "आदी पाय लाव."

"आई, शीर दबलीय. उसण नाही."

"गावाला लावलास, आईला न्हाई व्हय? लई शिकली म्हनून?"

दोन दिवस हेच. शेवटी मी म्हटलं, लावते, पण बुधवारी गुपचूप यायचं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी अंगठा जेमतेम टेकवला. तीनदा. आईला पाय लावला म्हणून वर नमस्कारही केला.

बुधवारी उठून बघते तर बाईसाहेब गाठोडं बांधून तयार!

"उतरलं सगळं. मला एस्टीत बसवून दे."

"आणि शपथ?"

"दुखनं असंल तर जायचं ना! आता हाय कुटं दुखनं?"

राग आईचा नव्हता, माझा मलाच आला. बीएस्सी झालेली मी, हातात रिपोर्ट असताना पाय लावला, म्हणजे तिच्या म्हणण्यावर मीच शिक्का मारला. आता कुठल्या तोंडानं समजावू?

मी गाठोडं उचललं. "चल, सोडते. पण दोन जिने तुझे तू उतर."

पहिली पायरी उतरली. दुसरीवर डावा पाय लटपटला. मी दंड धरला, नाहीतर खाली गेली असती. कठडा धरून ती बराच वेळ स्वतःच्याच पायाकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "शिकून पाय बिघडला तुजा. पैल्यावानी गुन न्हाई ऱ्हायला." आणि माझ्या खांद्यावर हात टाकून, "चल, कुटं हाय तुजा डाक्टर?"

तिचं मन बदलायच्या आत मी रिक्षा बोलावली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं रिक्षावाल्याला सांगूनही टाकलं, लेक पायाळू आहे म्हणून.

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "ताई, माझी पण कंबर..."

"भाऊ, पुढं बघून चालवा," मी म्हटलं.